घटसर्प : पडदा दिसतो, विष दिसत नाही

घटसर्पाची सुरुवात फसवी असते. घसा थोडा दुखतो, मूल खायला नको म्हणतं, ताप असतो पण सहसा १०१ फॅरेनहाइटच्या आसपासच घुटमळतो. नेहमीच्या टॉन्सिलच्या सुजेत ताप १०३ पर्यंत चढतो, मूल गिळताना कळवळतं आणि घरचे त्याच रात्री दवाखाना गाठतात. इथे ताप कमी, पण मूल मात्र तापाच्या मानाने फारच मलूल, फिकट, आणि नाडी नको तितकी जलद. हा विसंवाद लक्षात घ्यायला हवा. ‘ताप तर फारसा नाही’ या समाधानात पहिले दोन दिवस निघून जातात, आणि या आजारात नेमके तेच दोन दिवस हातातून जाऊ द्यायचे नसतात.

आधी नावातला एक गोंधळ मिटवतो. मराठीत गाई-म्हशींच्या एका आजारालाही घटसर्पच म्हणतात. तो वेगळ्याच जंतूमुळे, पाश्चुरेला मल्टोसिडामुळे होतो, आणि त्याची लसही वेगळी असते. इंटरनेटवर ‘घटसर्प लस’ शोधलं की बऱ्याचदा जनावरांच्या लसीची माहिती समोर येते. माणसांचा घटसर्प म्हणजे डिफ्थेरिया. हा लेख फक्त त्याबद्दल.

जंतूचं नाव कोरिनेबॅक्टेरियम डिफ्थेरी. तो घशात किंवा नाकात वरवरच राहतो, रक्तात क्वचितच उतरतो. मग हृदय आणि नसा का बिघडतात? १८८४ साली फ्रीडरिश लोफ्लर यांना हाच प्रश्न पडला होता: जंतू सापडतात घशात, इजा दिसते दूरच्या अवयवांत. घशात बसून जंतू एखादं विष सोडत असावा, असा त्यांचा तर्क होता. १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल रू आणि अलेक्झांड्र येर्सिन यांनी जंतू गाळून काढलेला द्रव प्राण्यांना टोचला, आणि एकही जंतू नसताना आजार उभा राहिला. तर्क खरा ठरला.

गंमत अशी, की हे विष तयार करण्याचं जनुक जंतूचं स्वतःचं नसतंच. जंतूला संसर्ग करणारा एक विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफाज, ते त्याच्यात आणून ठेवतो. ज्या वाणात हे जनुक नाही, त्याने घसा दुखू शकतो, पण खरा घटसर्प होत नाही. उलट, कोरिनेबॅक्टेरियम अल्सरन्स हा जनावरांकडून येणारा जंतूही हे जनुक मिळवून तसाच आजार घडवू शकतो. कच्चं दूध आणि पाळीव कुत्री-मांजरं हे त्याचे माहीत असलेले मार्ग.

विषाचे दोन भाग असतात. एक भाग पेशीला चिकटतो, दुसरा आत शिरून प्रथिनं बनवण्याची यंत्रणा बंद पाडतो. आत शिरलेला एक रेणूही अख्खी पेशी मारायला पुरतो. पुढचं सगळं ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट इथेच आहे: विष रक्तात मोकळं फिरत असतं तोवर प्रतिविष, म्हणजे विषाला निष्प्रभ करणारं औषध, त्याला पकडू शकतं, पण एकदा ते पेशीत शिरलं की कुठलंच औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. झालेली इजा मग शरीरानेच भरून काढायची.

घशात नेमकं काय दिसतं

संसर्ग झाल्यापासून साधारण दोन ते पाच दिवसांत लक्षणं सुरू होतात. क्वचित दहा दिवसही लागतात. आधी घसा फक्त लाल असतो. एक-दोन दिवसांत टॉन्सिलवर पांढुरके ठिपके येतात, ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा राखाडी, जाडसर पडदा होतो. मेलेल्या पेशी, फायब्रिन (रक्त गोठवणारं तंतुमय प्रथिन), रक्तपेशी आणि जंतू यांचं हे थर धरलेलं मिश्रण. हा पडदा खालच्या थराला घट्ट धरून असतो, आणि खरवडायला गेलं की रक्त येतं. चामड्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून फ्रेंच डॉक्टर पिएर ब्रेतोनो यांनी १८२६ मध्ये आजाराला नाव दिलं, ते या पडद्यामुळेच.

पडदा टॉन्सिलची हद्द ओलांडतो का, हे मुद्दाम पाहावं. टॉन्सिलच्या साध्या सुजेतला पू टॉन्सिलवरच राहतो आणि सहज पुसला जातो. घटसर्पाचा पडदा पडजीभ, टाळू, घशाची मागची भिंत असा पसरत जातो. बुरशीचे पांढरे चट्टेही सहज निघतात आणि मूल इतकं आजारी दिसत नाही. ग्रंथिज्वरातला, म्हणजे मोनोन्यूक्लिओसिसमधला पडदा मात्र चांगल्या डॉक्टरलाही चकवू शकतो. टॉन्सिल काढल्यानंतर त्या जागी येणारा पांढरा थर पाहूनही कधीकधी उगाच धावपळ होते. तो भरत्या जखमेचा भाग असतो.

पडदा ओढून काढायचा प्रयत्न घरी कोणी करू नये, आणि तपासतानाही जोर लावू नये. रक्तस्राव होतो, सूज वाढते, आणि सुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊन अडकू शकतो. गुळण्या किंवा घशाला लावायची औषधं यांनी पडदा जात नाही. उपचार सुरू झाले की तो काही दिवसांत आपोआप सुटतो.

आजार गंभीर असेल तर जबड्याखालच्या गाठी आणि भोवतीचा भाग इतका सुजतो की मानेचा आकारच हरवतो. डॉक्टर याला ‘बुल नेक’ म्हणतात, आणि ही सूज म्हणजे भरपूर विष शरीरात शिरल्याची खूण. श्वासाला एक कुजकट वासही येतो.

आजार स्वरयंत्रात उतरला, तर आवाज आधी बसतो, मग कर्कश भुंकल्यासारखा खोकला येतो, मग श्वास आत घेताना घरघर होते आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते. लहान मुलांची श्वासनलिका अरुंद असल्यामुळे हे काही तासांत घडू शकतं. असं मूल जबरदस्तीने आडवं झोपवू नका. ते ज्या स्थितीत बसलंय तसंच बसू द्या आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. ओठ निळे पडेपर्यंत थांबणं म्हणजे फार उशीर. नळी घालायची किंवा गळ्याला छेद द्यायचा निर्णय तिथले डॉक्टर लवकरच घेतात, कारण पडदा कधी सरकेल याचा भरवसा नसतो.

नाकातला घटसर्प सौम्य असतो आणि म्हणूनच निसटतो. एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित पाणी, नाकाखाली सोललेली कातडी, आणि ‘सर्दी जातच नाही’ अशी तक्रार. त्वचेवर तो न भरणारी, राखाडी तळाची जखम होऊन राहतो. विष फारसं शोषलं जात नसल्याने रुग्ण ठणठणीत दिसतो, पण त्या जखमेतून इतरांना घशाचा घटसर्प होऊ शकतो.

रिपोर्टची वाट पाहायची नाही

नमुना घशातून आणि नाकातून, दोन्हीकडून घेतात. काडी पडद्याच्या कडेखालून फिरवावी लागते. नुसती वरून फिरवली तर मेलेला कचराच मिळतो. शक्य असेल तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी नमुना घ्यावा. प्रयोगशाळेला ‘घटसर्पाचा संशय’ असं स्पष्ट लिहून कळवणंही तितकंच महत्त्वाचं. या जंतूला वाढायला टेल्युराइट नावाचं रसायन असलेलं खास माध्यम लागतं आणि नेहमीच्या कल्चरमध्ये घशातले सामान्य जंतू म्हणून तो दुर्लक्षिला जातो. जंतू सापडला तरी काम संपत नाही. तो विष बनवतो का, हे एलेक चाचणीने पाहतात. पीसीआरने विषाचं जनुक आहे की नाही एवढंच कळतं, ते जनुक काम करतंय का हे नाही.

या सगळ्याला दिवस लागतात. म्हणून पडदा पाहून संशय बळावला, की रुग्णाला वेगळं ठेवायचं आणि उपचार सुरू करायचे, हाच नियम. रिपोर्ट मागाहून येऊ दे. पाहून ठरवायची तयारी नसणं ही माझ्या मते या आजारातली सगळ्यात महागडी सवय आहे, आणि लसीकरण चांगलं झालेल्या भागांत ती जास्त आढळते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी असा पडदा प्रत्यक्षात पाहिलेलाच नसतो.

प्रतिविष आणि प्रतिजैविक

दोन्ही लागतात आणि दोघांचं काम वेगळं आहे. प्रतिजैविक जंतू मारतं, म्हणजे नवं विष तयार होणं थांबतं आणि संसर्ग पसरत नाही. आधीच सुटलेल्या विषाला ते हात लावत नाही. ते काम प्रतिविषाचं. नुसत्या प्रतिजैविकावर घसा सुधारतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि दुसऱ्या आठवड्यात हृदय बिघडतं. ही चूक वारंवार घडते.

प्रतिविष घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनतं. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी प्रतिविषाची कल्पना मांडली, आणि त्या कामासाठी बेरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुइस शहरात धनुर्वाताच्या विषाने दूषित झालेल्या प्रतिविषामुळे १३ मुलं दगावली, आणि जैविक औषधांवर देखरेख ठेवणारा कायदा तिथे १९०२ मध्ये आला. आजही प्रतिविष बनवणारे जगात मोजकेच आहेत, त्यामुळे ते प्रत्येक रुग्णालयाच्या कपाटात नसतं. म्हणून संशय आल्याबरोबर आरोग्य खात्याला कळवायचं. नोंद तर होतेच, शिवाय प्रतिविष कुठे शिल्लक आहे हे बहुधा त्यांनाच ठाऊक असतं.

प्रतिविषाचा डोस वजनावर ठरत नाही, कारण निष्प्रभ करायचं असतं ते विष. रुग्ण केवढा आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. लहान मूल असो वा मोठा माणूस, मात्रा तीच. घसा किंवा स्वरयंत्रापुरता आजार आणि ४८ तासांच्या आत उपचार असेल तर २०,००० ते ४०,००० युनिट. नाकामागच्या भागात पसरलेला असेल तर ४०,००० ते ६०,०००. तीन दिवसांहून जुना, खूप पसरलेला किंवा मान सुजलेली असेल तर ८०,००० पासून एक लाख किंवा त्याहून अधिक. मोठी मात्रा सलाइनमध्ये मिसळून दोन ते चार तासांत शिरेतून देतात, आणि शक्यतो सगळी एकाच वेळी. रोज थोडं थोडं देण्यात विषाला पेशीत शिरायला वेळच मिळतो.

घोड्याच्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. म्हणून आधी दमा, ॲलर्जी किंवा पूर्वी घोड्याचा सीरम (रक्तद्रव) घेतल्याचा इतिहास विचारतात. पूर्वी सरसकट त्वचेवर चाचणी करत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२४ ची मार्गदर्शक सूचना आता ती नेहमी करू नये असं सुचवते. चाचणी केली किंवा नाही केली, ॲड्रिनलिन भरून हाताशी ठेवल्याशिवाय पहिला थेंब सुरू करायचा नाही. काही रुग्णांना एक-दोन आठवड्यांनी ताप, पुरळ आणि सांधेदुखी होते. तो सीरमचा उशिराचा परिणाम असतो, आजार उलटल्याचं लक्षण नव्हे.

प्रतिजैविकाचा कोर्स १४ दिवसांचा. हीच २०२४ ची सूचना पेनिसिलिनपेक्षा ॲझिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनला पसंती देते. एरिथ्रोमायसिन साधारण दर किलोला दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅम, चार भागांत, आणि दिवसाला २ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. गिळता येत नसेल तर सुरुवात इंजेक्शनने. दोन दिवसांत घसा बरा वाटला म्हणून कोर्स सोडला, तर जंतू घशात तग धरतो. कोर्स संपल्यावर २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने निगेटिव्ह येईपर्यंत रुग्ण वेगळाच राहतो.

घसा बरा झाल्यावरचे सहा आठवडे

हा भाग नातेवाइकांना आधीच समजावून सांगितला नाही तर पुढे घात होतो. पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा दुसऱ्या आठवड्यात हृदयाच्या स्नायूंवर परिणाम दिसतो. नाडी अनियमित होते किंवा अचानक मंदावते, मूल पांढरं पडतं, उलट्या होतात, पोट दुखतं. पोटदुखी ऐकून अपचन समजायचं नाही, ईसीजी काढायचा. हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा आला तर तात्पुरता पेसमेकर लागू शकतो. या काळात विश्रांती म्हणजे खरोखर पलंगावरची विश्रांती. शौचालयापर्यंत चालत गेलेला, बरा दिसणारा रुग्ण तिथेच कोसळल्याची उदाहरणं जुन्या वैद्यकात भरपूर आहेत. स्टेरॉइड दिल्याने ही इजा टळते असं आढळलेलं नाही.

नसांचा त्रास त्यानंतरचा, आणि त्याला एक क्रम आहे. सुरुवात बहुधा टाळूपासून होते: बोलणं नाकातून येतं आणि प्यालेलं पाणी नाकातून परततं. तेव्हा तोंडाने पाजणं थांबवून नाकातून पोटात नळी घालतात, कारण द्रव फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. मग डोळ्यांची जवळचं पाहण्याची ताकद जाते; वाचताना अक्षरं पुसट दिसतात, दूरचं ठीक. पाचव्या-सहाव्या आठवड्यात हातपाय आणि श्वासपटल कमकुवत होऊ शकतात, आणि श्वासपटल दमलं तर काही काळ व्हेंटिलेटर लागतो. यातलं समाधान एवढंच, की या काळातून रुग्ण तरला तर नसा बहुतेक वेळा पूर्ण सुधारतात. उपचार करूनही श्वसनमार्गाच्या घटसर्पात साधारण १० पैकी १ रुग्ण दगावतो. लस नाही आणि उपचारही नाही, तर हे प्रमाण कितीतरी वाढतं.

घरातल्या बाकीच्यांचं

खोकण्या-शिंकण्यातून आणि जखमेच्या स्पर्शातून हा पसरतो. उपचार नसलेला रुग्ण दोन ते चार आठवडे जंतू पसरवतो, आणि काही लोक काहीही लक्षण नसताना वाहक असतात. म्हणून एकत्र राहणाऱ्या सगळ्यांचे घसा-नाकाचे नमुने घ्यायचे, दहा दिवस रोज घसा आणि ताप पाहायचा, आणि रिपोर्टची वाट न पाहता प्रतिजैविक द्यायचं: बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन, सहा वर्षांखाली ६ लाख युनिट आणि त्यापुढे १२ लाख, किंवा एरिथ्रोमायसिन ७ ते १० दिवस. शिवाय लसीचा राहिलेला डोस लगेच. वाहकाला प्रतिविष देत नाहीत. रुग्णाची भांडी, टॉवेल, उशीचे अभ्रे वेगळे ठेवून गरम पाण्यात धुवावेत. जंतू कोरड्या जागेवर बराच काळ टिकतो, पण नेहमीच्या जंतुनाशकाने मरतो.

लस

गास्तों रामों यांनी १९२३ मध्ये फॉर्मालिन आणि उष्णता वापरून विषाचं विषारीपण काढलं, पण शरीराला ते ओळखता येईल इतकी त्याची ओळख शाबूत ठेवली. हे टॉक्सॉइड, आणि आजची लस तीच. ती विषाविरुद्ध संरक्षण देते, जंतूविरुद्ध नव्हे. लस घेतलेल्या माणसाच्या घशातही जंतू राहू शकतो. म्हणूनच लस घेतलेल्या घरातल्यांनाही प्रतिजैविक द्यावं लागतं. आणि आजार होऊन गेला म्हणजे प्रतिकारशक्ती आलीच असंही नाही: आजार घडवायला पुरेसं विष शरीराला धडा शिकवायला अपुरं पडू शकतं. त्यामुळे बरं होत असलेल्या रुग्णालाही लस द्यायचीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वेळापत्रकात पहिला डोस सहा आठवड्यांपासून, किमान चार आठवड्यांच्या अंतराने तीन डोस सहा महिन्यांच्या आत, मग बूस्टर १२ ते २३ महिने, ४ ते ७ वर्षं आणि ९ ते १५ वर्षं अशा वयांत. एकूण सहा. आपल्या देशाच्या लसीकरण कार्डावरचे महिने थोडे वेगळे असतील, कार्ड पाळावं. तीन डोस झाले की पालक थांबतात, आणि तिथेच फट पडते, कारण संरक्षण वर्षांगणिक उतरतं. १९९० च्या दशकात सोव्हिएत संघातून फुटलेल्या देशांत दीड लाखाहून जास्त लोकांना घटसर्प झाला, आणि त्यात प्रौढांची संख्या मोठी होती.

मधला डोस चुकला तर मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करत नाहीत. जिथे थांबली तिथून पुढे. साधी सर्दी किंवा किरकोळ जुलाब हे डोस पुढे ढकलायचं कारण नाही. सात वर्षांपुढे घटसर्पाचा अंश कमी असलेली टीडी (धनुर्वात आणि घटसर्प) लस देतात, कारण मोठ्या वयात पूर्ण मात्रेने दंड फार सुजतो. कधीच लस न घेतलेल्या मोठ्या माणसाला टीडीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने आणि तिसरा किमान सहा महिन्यांनी. धनुर्वातासाठी इंजेक्शन घ्यायचंच असेल, तर नुसत्या टीटीऐवजी टीडी मागा. त्याच सुईत दोन्ही कामं होतात.

लस स्नायूत द्यायची, बाळांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कातडीखालच्या चरबीत राहिली तर तिथे बरेच दिवस गाठ टिकते. साठवण २ ते ८ अंश सेल्सिअस, आणि गोठू द्यायची नाही. गोठली की तिच्यातला ॲल्युमिनियमचा क्षार गुठळ्या धरतो आणि ताकद जाते. वितळल्यावर बाटली जवळजवळ पूर्वीसारखीच दिसते, म्हणून चूक कळत नाही. बर्फ झालेली बाटली सरळ टाकायची. नुसता संशय असेल तर त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम पूर्ण गोठवून वितळवतात, दोन्ही १०-१५ सेकंद हलवून सपाट जागी शेजारी ठेवतात आणि अर्ध्या तासापर्यंत पाहतात. संशयित बाटलीतला गाळ गोठवलेलीइतक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर खाली बसला, तर ती वापरायची नाही.